दयाळ आणि दारातलं शेवाळ

दर रविवारी संध्याकाळी नॉर्वेहून लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. तेव्हा आमच्या शेवग्यावर दयाळ शीळ घालत असतो. तिला ऐकवायला मी फोन उंच धरते आणि नेमका तो उडून जातो.

लेक तिकडे लिव्हरवर्ट नावाच्या शेवाळासारख्या वनस्पतीचा अभ्यास करते. तिच्या दारातल्या ओल्या दगडावरही ते आहे, हिरवं, चपटं, चिकटून बसलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढ, पाय घसरेल." ती हसतच सुटली.

बर्फाखाली राहूनही ते हिरवंच निघतं म्हणे. त्याला दयाळासारखी शीळ नाही, शेपटीचा तोरा नाही. पण कधीही बघा, जागेवर असतं. परक्या मुलखात लेकीला असा शेजार मिळाला.

हल्ली कॉल लागला की मीच म्हणते, "आधी शेवाळ दाखव, मग तुझं तोंड."