रूपरावचा इंटरव्हलनंतरचा पिच्चर

आमच्या हिंगणीत कोणता पिच्चर चांगला, हे पेपर वाचून कोणी ठरवत नव्हतं. रूपराव काय म्हणते ते पाहत. रूपराव वर्ध्याच्या कापूस बाजारात बारदानं शिवे. काम सुटलं की सहाच्या खेळाले बसे, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर आख्खा पिच्चर सांगे. मारामारी आली की समोरचे मागं सरकत, काऊन की रूपरावचा हात कुठी येईन याचा भरोसा नाई.

एक गोष्ट गावाले माहीत नव्हती. इंटरव्हल साडेसातले होये अन् हिंगणीची शेवटची एसटी पावणेआठले सुटे. या माणसानं जन्मात एकाही पिच्चरचा शेवट पाह्यला नव्हता. हे त्याच्या बायकोले, यशोदाबाईले ठाऊक, अन् मले. मी त्याच एसटीनं येओ. तो खिडकीशी बसून उरलेला पिच्चर बनवे. सेलूपर्यंत भांडण मिटे, सेलूच्या पुढं लग्न लागे.

त्याची मतं पक्की होती. "पिच्चरमंधी कोणी मेलं, की समजा बनवणाऱ्याले पुढचं सुचलं नाई," असं म्हणे. व्हिलनले मारून टाकणं त्याले पटेच ना. "एवढा धट्टाकट्टा माणूस! त्याच्याकडून काम नाई घ्यावं?" म्हणून त्याच्या सगळ्या पिच्चरमंधी व्हिलन शेवटी कोणाच्या तरी वावरात निंदण करे.

छ्याण्णवच्या गणपतीत किराणावाल्या भैय्याजीनं वर्ध्याहून व्हिडिओ आणला. कॅसेट दोन भावांची, एक ट्रकवाला, एक इन्स्पेक्टर. हा पिच्चर रूपरावनं पारावर वीस वेळा तरी सांगितला होता.

"आता इज्जत जाते," तो घरी म्हणाला.

यशोदाबाई वांगे चिरून राह्यली होती. "जाऊ द्या," ते म्हणे, "तशी बी अर्धीच होती."

रविवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या खोलीत सारं गाव कोंबलं. खिडक्याइले रूपरावनंच शिवलेली बारदानं. मी त्याच्या बाजूले. इंटरव्हलची अक्षरं आली, अन् रूपराव उठला. पिशवी घेतली, चपला घातल्या, सरळ एसटी स्टँडवर जाऊन उभा राह्यला. मी मागून गेलो.

"कुठी चालला बे?"

"गाडी सुटन ना!"

"गावातच हाय ना तू!"

त्यानं इकडं तिकडं पाह्यलं. "हो बाप्पा. पन पाय निंगाले."

तेवढ्यात खोलीत गलका झाला. माणसं बाहेर आली, पुढं पारावर रोज ऐकाले बसणारा नानाजी. रूपरावनं पिशवी छातीशी धरली.

"रूपराव, ट्रकवाला मेला ना बे!" नानाजी ओरडला. "गोळी लागून मेला! भैय्याजीनं खराब कॅसेट आणली."

"माही कॅसेट नवी कोरी हाय!" मागून भैय्याजी.

रूपरावले काय झालं कोणास ठाऊक, तो खरं बोलला. "नानाजी, कॅसेट बरोबर असन. मी शेवट पाह्यलाच नाई. अर्धाच पाहतो, गाडी राह्यते ना. बाकीचं माह्या मनचं."

नानाजीनं दाढी खाजवली.

"म्हणजे तू अर्धा पाहून एवढा बेस बनवते, अन् त्या बनवणाऱ्यानं आख्खा पाहून बी माणूस मारला? चाल आत."

भैय्याजीले टीव्ही बंद कराले लावला. रूपराव त्याच टीव्हीकडं पाठ करून उभा राह्यला. आवाज आधी बारीक निघाला, मग लागला रंगाले. ट्रकवाला वाचला. व्हिलन हिरोच्या वावरात निंदाले बसला.

"अन् त्याले शिदोरी कोण नेते?" विमलाबाईनं मधातच विचारलं.

रूपराव अडकला. एसटीत हे ठरलंच नव्हतं.

"हिरोची माय नेते," मागून यशोदाबाई बोलली. "भाकर अन् वांग्याची भाजी. सांगा पुढं."