वरच्या तळ्याकडे नेणारे रशीदभाई

शाहीनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मॅडम, अब्बू गेले..." एवढंच बोलली ती. सकाळची नमाज झाली, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच सगळं आटोपलं होतं. त्याला आता दोन महिने होतील. पण रशीदभाई म्हटलं की मला त्यांचं जाणं आठवत नाही, आठवतो फेब्रुवारीतला एक रविवार, आणि तो आठवला की अजून छाती धडधडते... आनंदाने!

रशीदभाईंचं पुसदला गॅरेज. पाऊस सरला की उन्हाळा लागेपर्यंत दर रविवारी ते जुनी जीप काढत आणि हौशी लोकांना डोंगरातली तळी दाखवून आणत. रस्ता असा नाहीच, बैलगाडीच्या चाकोऱ्या, नाले आणि सागाचं जंगल. शाहीन त्यांची एकुलती एक मुलगी आणि माझी विद्यार्थिनी. आयटीआय करून वडिलांच्याच गॅरेजात उभी राहिलेली. अख्खं इंजिन उघडून पुन्हा बसवायची, पण डोंगरात स्टिअरिंग मात्र तिच्या हाती कधी आलं नाही. "गावात चालव ना, कोन नाही म्हनते? पहाड अलग चीज हाय," असं ते म्हणत आणि विषय संपवत. तिला तर डोंगरच हवा होता. शाळेत नकाशातले डोंगर रंगवतानाही कागद फाटेपर्यंत पेन्सिल दाबणारी मुलगी ती, गावातल्या रस्त्यांवर तिचं काय भागणार!

मी एकतीस वर्षं पोरांना पठारं शिकवली आणि आमच्याच तालुक्यातल्या डोंगरमाथ्यावर कधी पाय ठेवला नव्हता. निवृत्त झाल्यावर ही लाज धुऊन काढायची म्हणून आम्ही तिघी मैत्रिणी जीपमध्ये मागे बसलो. शाहीन पुढे, वडिलांच्या शेजारी. काय सांगू... पळस फुलला होता, जीप उसळत होती, आणि दांडीला धरून आम्ही पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायका शाळकरी पोरींसारख्या किंचाळत होतो! नाला आला किंवा जमीन जरा संशयास्पद वाटली की रशीदभाई चपला काढून उतरत, अनवाणी पलीकडे चालत जात आणि मग परत येऊन गाडी घालत. "पायाले समजते ते टायरले समजत नाही, मॅडम." दुसऱ्या तळ्यावर आमची नलिनी इतक्या जोरात ओरडली की शेकडो बदकं एकदम उठली. तिथेच भाकर, ठेचा खाल्ला. तिसरं, सगळ्यात वरचं तळं तेवढं राहिलं होतं.

तिकडे जायचं तर दुसऱ्या तळ्याचा काठ ओलांडून समोरचा दगडी चढ चढायचा. पाणी आटून मागे सरकलं होतं, काठाला भेगा पडल्या होत्या. रशीदभाई चपला काढायला लागले आणि मी आपली अक्कल पाजळली. "कशाला उतरता? भेगा पाहा की केवढ्या! टणक झालीय जमीन. अहो, मी भूगोलाची बाई आहे!" बिचाऱ्यांनी माझा मान राखला. वीस हात गेलो नसू, जीप आसापर्यंत रुतली. वरती पापुद्रा, खाली लोण्यासारखी काळी माती. कापसाच्या मुलखात जन्म काढला आणि ऐन वेळी आपल्याच मातीचा गुण विसरले.

जवळच्या शेताच्या बांधावर कापूस वेचून उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. शेतकऱ्याला विचारून आम्ही भारे आणले आणि रशीदभाईंनी ते एकेका चाकाखाली सारले. ढकलायला आम्ही तिघी. पण कोणतं चाक पकडतंय ते बघायला त्यांना समोर उभं राहणं भाग होतं. मग स्टिअरिंगवर कोण?

"अब्बू, मी बसू?"

त्यांनी चाकाकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं... आणि कसेबसे म्हणाले, "बस. पन थांबू नको. थांबली का पुन्हा रुतन."

मग ती थांबलीच नाही! पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या, आमच्या तोंडावर चिखल उडाला, आणि जीप वडिलांच्या बाजूने सुसाट निघून थेट त्या चढाला भिडली. रशीदभाई मागे धावताहेत. "रुक बेटा! अवं रुक!" अर्ध्या चढावर चाक दगडावरून घसरलं, आणि तेच रशीदभाई ओरडले, "रुकू नको! पहिल्या गिअरातच राहू दे!" ...आणि जीप माथ्यावर दिसेनाशी झाली.

धापा टाकत वर पोचलो. निळंशार तळं, काठाला जीप, आणि तिला टेकून शाहीन एकाच वेळी हसत आणि रडत होती. रशीदभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर पाहिले. "क्लच जळल्याचा वास येऊन राह्यला," म्हणाले आणि गुमान डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. "उतार चढापेक्षा कठीन असते. चालव." बस, एवढंच. मला राग आला. म्हटलं, "रशीदभाई, पोरीसाठी कौतुकाचा एक शब्द तरी बोला!" त्यावर म्हणतात कसे, "मॅडम, तुमी आज काहीच बोलू नका!" हसून हसून मुरकुंडी वळली आमची. पण तो शब्द काही त्यांनी उच्चारला नाही. शाहीनला तो हवा होता, हे मला परतीच्या वाटेवर तिच्या गप्प चेहऱ्यावरून कळत होतं.

गेल्या रविवारी तिने वडिलांच्या मागे पहिल्यांदा जीप काढली. यावेळी मी पुढे, तिच्या शेजारी. ती आरामात टेकून बसली होती, दोन्ही पाय पेडलवर सहज पोचत होते. फेब्रुवारीत बिचारी सीटच्या कडेला लोंबकळून पाय ताणत होती, कारण त्या जीपची सीट जागची हलत नाही आणि ती बसवलेली होती सहा फुटी रशीदभाईंच्या मापाने.

"सीट पुढे घेतलीस गं? बरं केलंस."

"मी नाही, मॅडम. अब्बू गेल्यावर पाह्यलं म्या. खालचे वेल्डिंगचे टाके त्याह्यच्या हातचे हायेत."

मी वाकून बघितलं. सीट चांगली वीतभर पुढे बसवली होती. त्यानंतर रशीदभाईंचे गुडघे त्या स्टिअरिंगखाली मावलेच नसते.