काचेच्या आतली तीट

नमस्कार सगळ्यायले. मी ग्रुपवर पहिल्यांदाच लिहून राहिली, दहावी नापास आहे, चुकलं तं समजून घ्या. भूतखेत मी कधीच मानलं नाही... फक्त तीट मानते. काजळाची तीट लावल्याशिवाय लेकरू दाराबाहेर काढत नाही — तेवढंच.

आम्ही नागपूरले सक्करदऱ्यात राहतो. मी, मिस्टर, दहा महिन्यांची परी, अन् जेठ-जाऊबाई. मिस्टरचे आजोबा मोठ्या लढाईत फौजेत होते, इटलीत ट्रक चालवायचे. दिवाळीच्या सफाईत त्यायनं तिकडं काढलेले फोटो निघाले. लढाईचा एकही नाही बरं... दोरीवरचे कपडे, गधा घेऊन चाललेला म्हातारा, पाव विकणारी बाई. तिच्या कडेवर लेकरू, परीएवढंच. मागं आजोबायनं लिहिलेलं मिस्टरनं वाचून दाखवलं — लेकरू लय गोड, पण इकडं तीट लावत नाहीत. आम्ही सगळे हसलो. तोच फोटो मिस्टरनं फ्रेम करून आणला, परीच्या झुल्यासमोर लावला.

त्याच हप्त्यात परीचं आंग तापायले लागलं. दूध पिईना. डॉक्टर म्हणे रिपोर्ट नॉर्मल. अन् सकाळी लावलेली तीट दुपारपर्यंत गायब... डागसुद्धा नाही. मले सरळ डाउट जाऊबाईवर. त्या लॅबमध्ये आहेत, काजळानं इन्फेक्शन होते म्हणून नेहमी टोकतात. आठ दिवस मी त्यायच्या हाताची बोटंच पाहून राहिली होती. शेवटी तोंडावर विचारलं, "ताई, तुम्ही पुसता ना?"

"तुहं काजळ पुसायले मी काय ड्युटी सोडून येऊ वं?" त्या म्हणाल्या, अन् परीच्या झुल्यापाशी वळल्या. भिंतीकडं पाहून राहिल्या. "हे तुनं काढलं काय?"

पाववालीच्या लेकराच्या डाव्या गालावर तीट होती. मी परीले लावते, त्याच जागी.

मी बोटानं घासली. निघेना... काचेच्या आत होती. फ्रेमच्या मागचे खिळे, पट्टी, सगळं जसंच्या तसं. फ्रेम आणली त्या दिवशीचा परीचा फोटो मोबाइलमध्ये होता, मागं भिंत दिसत होती — मोठा करून पाहिला, तं त्या लेकराचा गाल साफ. मिस्टर म्हणे, ओल धरली असंल. फेकू नको, आजोबाची निशाणी आहे. मी म्हटलं, माह्या पोरीले काही झालं तं तुमची निशाणी तलावात जाईन.

खरं सांगते, मले त्या बाईचा रागच आला होता. मग वाटलं, हिच्याही लेकराले लावणारं कोणी नव्हतं... अन् चहूकडं लढाई. मी काजळाची डबी आणली, त्या लेकराच्या दुसऱ्या गालावर काचेवरून तीट लावली. म्हटलं, "हे घे माय, तुह्या लेकराची वेगळी. माह्या पोरीची राहू दे."

त्या दिवशी परीची तीट संध्याकाळपर्यंत राहिली. दोन दिवसांत ताप उतरला. डॉक्टर म्हणे औषध लागू पडलं. असंल बापा.

आता रोज दोन लावते. पहिली तिकडं, मग परीले. परीची टिकते. काचेवरची संध्याकाळी नसते... जाऊबाई म्हणतात, मी हातही लावत नाही. अजूनही मी त्यायची बोटं पाहते. त्या खोटं बोलून राहिल्या असाव्या, एवढंच मले पाहिजे.