किल्ली माझ्या खिशात होती

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा बायकोला वाचून दाखवून हसतो. रागावू नका, स्वभावच तसा आहे. तीस वर्षं बंदरावर आरोग्य निरीक्षक होतो. जहाज आलं की दोराच्या शिडीने वर चढायचं, कॅप्टनकडून आजाऱ्यांचा आणि मेलेल्यांचा लेखी जबाब घ्यायचा, मग स्वयंपाकघर, पाण्याच्या टाक्या, मटण ठेवायची थंड खोली, उंदरांच्या लेंड्या... सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आमची सही होईपर्यंत जहाजावर पिवळा बावटा, आणि एकही माणूस खाली उतरणार नाही. प्लेगच्या काळातल्या आगबोटींपासून हीच रीत आहे. ‘मला असं भासलं’ याला आमच्या फॉर्मात रकाना नसतो.

तरीपण लिहितोय. कारण हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

गाव पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर. आमची बौद्धवस्ती रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे, आणि तिथून झेडपीची शाळा चालत दहा मिनिटं. रिटायर होऊन गावी आलो आणि दोन महिन्यांत पहिला लॉकडाऊन लागला. मुंबईहून येणाऱ्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचं ठरलं. सरपंच घरी आले. “भाऊ, तुमी जहाजांचं क्वारंटीन केलंय. आमाला यातलं काय कळत न्हाई. शाळा तुमीच बघा.” मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या गावात माझ्या बापाला पंचायतीच्या ओट्यावर कुणी बसू दिलं नव्हतं, तिथं शाळेची किल्ली माझ्या खिशात आली. मी व्हरांड्यापुढं चुन्याच्या फक्कीची रेघ मारली, रजिस्टर केलं, जेवणाची ताटं रेघेवर ठेवायची पद्धत लावली. तालुक्यात कुठं नसेल अशी शिस्त लावली.

आणि मग सिद्धू आला. सिद्धार्थ, माझा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर कुक होता. त्यांचं जहाज दोन महिने बंदरं फिरत होतं, कुणी उतरू देत नव्हतं. शेवटी मुंबईत सुटका झाली, तिथून पास काढून भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून गावात उतरला. इतका वाळला होता की आधी मी ओळखलंच नाही. पहिला शब्द काय, तर “आई कशी आहे?”

आई बरी नव्हती. तिचं हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती, ओतूरच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. तिची खाट पडवीत, दाराला लागून टाकली होती.

सिद्धू म्हणाला, “दादा, मी आत जात नाही. अंगणातून बघतो, तोंड बांधून. दोन मिनिटं.”

मी नाही म्हणालो. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. वर त्याला नियम पण ऐकवला. खरं कारण नियम नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. इतर लोकांची पोरं मागच्या भिंतीवरून उडी मारून घरी जेवून यायची, मी एक-दोनदा काणाडोळाही केला होता. पण सिद्धूला सोडलं असतं आणि उद्या पहिला पेशंट आमच्या वस्तीत निघाला असता, तर पुढची दहा वर्षं गावानं आम्हाला ऐकवलं असतं. म्हणून सख्ख्या भावाच्या खोलीला मी बाहेरून कुलूप लावलं. बाकी कुणाच्याच खोलीला नव्हतं.

व्हिडिओ कॉल लावून दिला. आईला त्या एवढ्याशा काचेत काही दिसेना, ऐकू तर आधीच कमी यायचं. तिनं फोन बाजूला सारला. “ह्यात न्हाई बोलायचं मला. त्याला घेऊन ये.”

नववा दिवस होता. दुपारी मी शाळेतच होतो, सिद्धूच्या खोलीसमोर खुर्ची टाकून, शेजारी पंचायतीचा शिपाई किसन. आदल्या दिवशी सिद्धूचा स्वॅब नेला होता, रिपोर्टची वाट बघत होतो. दोनच्या सुमाराला मी गजांतून आत बघितलं. सिद्धू भिंतीकडं तोंड करून झोपला होता, श्वास हलताना दिसत होता. कुलूप ओढून बघितलं. ही माझी सवयच, दर तासाला बघायचो.

चारला घरी गेलो. आई उशाशी टेकून बसली होती. आठ दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बसलेली. म्हणाली, “सिद्धू आल्ता.”

मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल.

“सपान कशाचं? दुपारी आल्ता. आत ये म्हनलं तर नगं म्हनला, दादा रागवंल. हितं उंबऱ्याच्या भायेर बसला. मी हात लांब करून डोक्यावरनं फिरवला. लई वाळलाय रं.” मग म्हणाली, “लई रडला. त्यो जोजी म्हनून कोन मानूस मेला न्हवं? त्याला त्यांनी बर्फाच्या खोलीत ठिवल्ता. कोंबडी काढाया रोज त्याच्यावरनं जावं लागायचं, म्हनं. मी म्हनलं, तुझा काय दोष न्हाई बाबा. तू त्याला रोज नमस्कार केलास का? तर केला म्हनला.”

माझी बायको मागच्या वावरात कांदे काढत होती, घरातला फोन तिच्या कमरेला. तिनं कुणाला आलेलं बघितलं नाही. मी आईला गोळी दिली. म्हाताऱ्या माणसांना भास होतात, हे मला माहीत आहे. पण माझ्या आईनं कधी जहाज बघितलं नव्हतं. जहाजावर थंड खोली असते हेसुद्धा तिला मी कधी सांगितलेलं नाही.

संध्याकाळचं ताट घेऊन मीच शाळेत गेलो. खिडकीतून विचारलं, “सिद्धू, जोजी कोण?”

त्याच्या हातातली भाकरी तशीच राहिली. म्हणाला, “तुला कुणी सांगितलं?” मग सगळं बाहेर आलं. जोजी जहाजावरचा ऑईलर, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारा, केरळचा. छातीत कळ येऊन गेला. कुठलंच बंदर प्रेत उतरवून घेईना. बेचाळीस दिवस तो कोंबड्यांच्या खोक्यांशेजारी, ताडपत्रीत गुंडाळलेला. सिद्धू रोज आत जायचा, नमस्कार करायचा, त्याला ओलांडून सामान काढायचा. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. “आईला कसं सांगीन दादा? मी तर इथं झोपलो होतो.”

मी त्याला आई काय म्हणाली ते सांगितलं. तो गजांना धरून रडायला लागला. “आता तरी ने.”

किल्ली खिशातच होती. बाहेर अजून उजेड होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी मी म्हणालो, “सकाळी रिपोर्ट येतोय. आला की लगेच नेतो. एक रात्र तर काढायची.”

पहाटे आई गेली.

रिपोर्ट अकरा वाजता आला. निगेटिव्ह. त्याच्या आधीच मी कुलूप काढलं होतं. पण आईला तोवर अंघोळ घालून, पांढरं लुगडं नेसवून अंगणात ठेवलं होतं. सिद्धू उंबऱ्यापाशी बसला आणि उठेचना. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी त्रिसरण म्हटलं.

या गोष्टीचा मी फार विचार केलाय. कुलूप, गज, किसन, बायकोचा फोन, एकेक मुद्दा तपासला. किसनला चारदा विचारलं, शेवटी तो वैतागला. तुमच्यापैकी कुणाला शास्त्रीय उत्तर माहीत असेल तर जरूर लिहा. मला सापडलेलं नाही.

सिद्धूनं जहाज सोडलं. आता आळेफाट्याजवळ एका ढाब्यावर कुक आहे. रविवारी घरी येतो आणि दर वेळी मला तेच विचारतो — आई नेमकं काय म्हणाली, हात कुठून कुठं फिरवला, आणखी काही बोलली का. मी पुन्हा सगळं सांगतो, एक शब्द इकडचा तिकडं न करता. तो मान खाली घालून ऐकतो.

गेल्या रविवारी ऐकून झाल्यावर म्हणाला, “दादा, मी तिला भेटलो हे मला पटतं रे. पण ती मला कुठं भेटली?”