फळ्याखालचा हार

आमच्या तासगावच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे आणि गेली एकोणीस वर्षं त्यावर माझंच अक्षर आहे. आज कुठल्या लेखकाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कुठलं पुस्तक याच तारखेला पहिल्यांदा बाहेर पडलं, हे मी रोज लिहिते. तारखेची चूक एकदाही झालेली नाही. हे मी मिरवून सांगतेय, कारण ते खरं आहे.

फळ्याखाली एक फळी आहे. तिच्यावर त्या दिवसाच्या लेखकाचा फोटो आणि फोटोला झेंडूचा हार. हार घालायचं काम झाडलोट करणाऱ्या मावशींचं. त्या आठला कुलूप काढतात, फळीवर जो कोण असेल त्याला हार घालतात आणि हात जोडतात. कोण, कशाबद्दल, काही विचारत नाहीत. विचारायची वेळही कधी आली नव्हती. माझे सगळे लेखक केव्हाच गेलेले.

आमच्याकडे एक आबा रोज दहाच्या ठोक्याला पेपर वाचायला येतात. एसटीत कंडक्टर होते, निम्मी नोकरी कोयनानगरच्या घाटात गेली. त्या दिवसांवर त्यांनी एक पुस्तक लिहिलंय, पदरमोड करून स्वतःच छापलेलं. तीन वर्षांपूर्वी एकदा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"आवं बाई, माझं पुस्तक आजच्याच तारखंला निघालं हुतं. फळ्यावर लिवता का? आमी हाय तंवर एकदा बघावं म्हणतो."

"आबा, फळ्यावर यायचं तर दिनविशेषाच्या पुस्तकात नाव लागतं," मी म्हणाले. "उद्या गावातला जो तो चार पानं छापून आणेल. मी कुणाकुणाला पुरी पडू?"

"व्हय, बरोबर हाय," म्हणून ते पेपरकडे वळले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा आले. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं, शेवटच्या वेळी जरा तोडूनच. माझा स्वभावच तसा आहे. नियम म्हणजे नियम.

आणि एवढे नियम सांगणाऱ्या बाईंनी ते पुस्तक वाचलं तरी होतं का? नाव नको! शिक्का मारला, नंबर घातला, कपाटात टाकलं.

यंदा पुस्तकांची पडताळणी निघाली. फाटकी, कुणी न नेलेली पुस्तकं वेगळी काढायची होती. आबांच्या पुस्तकात मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती, म्हणजे इतक्या वर्षांत एकानंही ते घरी नेलं नव्हतं. बाजूला ठेवता ठेवता मी सहज उघडलं. घाटात बंद पडलेली एसटी, आत एक बाळंतीण आणि तिला चहा मिळावा म्हणून रस्त्याकडेला दगडांची चूल मांडून भांडणारे उतारू, तिथून ते सुरू होतं. मी शिडीवर होते, ती शिडीवरच बसले. हसले काय, डोळे पुसले काय! दोन बायका पुस्तकं बदलायला येऊन ताटकळून परत गेल्या. पुस्तक मिटलं तेव्हा माझी मलाच अशी लाज वाटली, की काय सांगू. एक म्हातारा माणूस 'हाय तंवर एकदा बघावं' म्हणत होता आणि मी त्याला नियम शिकवत होते.

तारीख दोन आठवड्यांवर आली होती. आबांना काही बोलले नाही; म्हटलं, थेट फळाच बघू देत. आदल्या संध्याकाळी रंगीत खडूनं लिहिलं, 'आज आपल्या गावच्या लेखकाच्या पुस्तकाचा प्रकाशनदिन', आणि खाली त्यांचं आणि पुस्तकाचं नाव. सभासदाच्या अर्जावरचा त्यांचा फोटो मोठा करून आणला होता, तो फळीवर ठेवला आणि खुशीत घरी गेले.

सकाळी नऊपासून फोन सुरू झाले. "बाई, कधी गेले हो?"

"कोण?"

"अहो, आबा!"

मग कुणीतरी मोबाइलवर फिरणारा फोटो पाठवला. आमचा फळा, फळीवर आबा, आबांना टपोऱ्या झेंडूचा हार आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्याखाली ढीगभर जोडलेले हात. फळ्यावरची ओळ एकानं वाचली असेल तर शपथ! आणि म्हणे वाचनालयाचे सभासद.

तशीच धावत पोचले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "फोटो हुता, हार घातला. रोज घालते की!" त्यांना काय बोलणार? मीच सांगितलं नव्हतं. हार काढायला हात घातला तोच दारात आबा. साताऱ्याहून लेकीचा रडत फोन आला होता, त्यामुळे त्यांना सगळं कळलेलं होतं.

"आबा, चुकलं हो. माझंच चुकलं," मी म्हणाले.

"आयुष्य वाढलं बघा आबा तुमचं!" मावशींनी सावरून घेतलं.

आबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते फळ्यावरची ओळ वाचत होते. दोनदा वाचली. "लय झ्याक अक्षर हाय बाई तुमचं," म्हणाले आणि मग हळूच, "कपाटात पुस्तक कसं दिसतंय, दावता का?"

कपाटात पुस्तक नव्हतं. मावशी म्हणाल्या, "त्या बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं न्हेलं सकाळी. म्हणला, माणूस गेलं, आता वाचावं तरी."

"न्हेलं?" आबांचा चेहरा उजळला. "असं असंल तर दर वर्साला मरतो की मी!"

तेवढ्यात तोच व्यापारी आत आला. आबांना बघून दचकला, मग मोकळं हसला आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. "आबा हायत की! उगं घाबरीवलं गावाला. घ्या बाई परत, वाचू कवातरी."

आबांचं हसू मावळलं. त्यांनी पेपर उचलला आणि बाकावर बसून तोंडापुढं धरला.

माझं डोकंच फिरलं. "परत घेणार नाही," मी म्हणाले.

"आवं बाई, पर..."

"पर नाही नि बिर नाही! माणूस मेला की लगेच वाचायचं, आणि जिवंत असला की कवातरी? वाचल्याशिवाय हे पुस्तक मी घ्यायची नाही. बसा तिथं!"

असा नियम कुठल्याही वाचनालयात नाही. मी तो तिथल्या तिथं केला.

तो तोंड वाकडं करून आबांच्या समोरच बसला. पहिलं पान झालं, दुसरं झालं. आबांचा पेपर हलत नव्हता. मी कार्डं लावत असल्याचं नाटक करत होते, पण जीव सगळा तिकडं लागलेला. देवा, याला आवडू दे, असं मी खरोखर मनात म्हटलं. चौथ्या की पाचव्या पानावर तो गडी एकदम खो खो हसला, इतका की मावशी झाडू टाकून बघायला आल्या.

आबांनी पेपर खाली घेतला.

"कंचं पान?" त्यांनी विचारलं.