गंध लागलेला दगड

लग्नाला चार महिने झाले होते. घाटकोपरच्या कॉलेजातून भूगर्भशास्त्राच्या लॅबमधल्या नोकरीचं पत्र आलं. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि मुलुंडच्या आमच्या घरात सासऱ्यांच्या होकाराशिवाय पान हलत नसे. नवऱ्याला म्हटलं, तू बोल ना रे. तो म्हणाला, "माझी वाट लावतेस काय?" मोठा शूर!

सासरे पूर्वी कच्छमध्ये सर्व्हेच्या कामावर होते. तिथे गोळा केलेले दगड त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपले होते. रविवारी सकाळी तो डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ओळख. मग नोकरीचं बघू."

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला घाबरले नव्हते एवढी घाबरले. पहिला पेन्सिलीसारखा लांबट, तो बेलेमनाईट, जुन्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. सांगितलं. दुसरा शिंपला, तोही सांगितला. तिसरा मात्र सासरे आतल्या खोलीतून घेऊन आले. काळा, गोल, गुळगुळीत. काही म्हणजे काही दिसेना. संपलं, म्हटलं, गेली नोकरी! डोंगरात आमच्या सरांनी शिकवलं होतं, रेघा दिसत नसतील तर दगड ओला करा, पाणी नसेल तर जीभ आहेच. भीतीत हात आपोआप तोंडाकडे गेला आणि मी तो दगड चाटला.

जिभेला चंदनाचं गंध लागलं.

"अगो बाय माझे!" स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई किंचाळल्या. "शाळिग्राम चाटलंस? देव उष्टो केलंस!"

"बाबा, चुकले हो," मी कशीबशी म्हणाले. रडू फुटायच्या बेतात होतं. पण ओल्या जागी नक्षीदार रेघा उमटल्या होत्या, आणि माझं तोंड काही गप्प बसेना. "हा अमोनाईट आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहायचा. आपण खातो त्या माकुळाच्या गोतातला."

बोलून गेले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला रोज तुळस वाहतात, त्याला मी कालवणात नेऊन घातला होता!

सासऱ्यांनी दगड माझ्या हातातून घेतला, खिडकीशी जाऊन उजेडात धरला. तोवर रेघा वाळून गेल्या होत्या. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं आणि सरळ दगडाला जीभ लावली.

"दिसतंय गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं पुजतोय, आज दिसतंय."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सासरे दगड फिरवून फिरवून बघतच होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "कॉलेजला किती वाजता निघावं लागेल?"