सगळ्यांचा धडा, प्रत्येकीचा नमस्कार

"सर, बायका आज परत धडा अर्धा टाकून बस धरायला पळाल्या बघा. असंच चाललं तर तुमचे साहेब बॅच बंद करतो म्हणालेत," गिरिजाअक्का फोनवर रडवेल्या झाल्या होत्या.

अक्का मूळच्या निपाणीच्या. आनेकलला फॅक्टरीतल्या बायकांसाठी आमच्या कंपनीचं कॉम्प्युटर सेंटर आहे, ते त्या चालवतात. शिफ्ट सुटल्यावर बस येईपर्यंत बायकांना जेमतेम तासभर मिळतो. आणि तिथलं इंटरनेट म्हणजे बैलगाडी. म्हणून मी तिथे कॅशिंग प्रॉक्सी नावाचा एक डबा बसवला होता. हा मधला माणूस. एकीनं धडा उघडला की त्याची प्रत सेंटरमध्येच ठेवून घ्यायची आणि पुढच्या सगळ्यांना तीच द्यायची. स्वयंपाक एकदाच, पंगत सगळ्यांची.

हा पठ्ठ्या मात्र काहीच ठेवून घेत नव्हता. यशवंतपूरच्या ऑफिसात बसून मी त्याचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडला. 'हिट' म्हणजे प्रत साठ्यातून दिली, 'मिस' म्हणजे सर्व्हरवरून नव्यानं आणली. वरपासून खालपर्यंत नुसतं मिस, मिस.

"डब्बा ही बदल दो यार," आमचे दिल्लीकर बॉस म्हणाले.

मला राग आला. डिस्क रिकामी, सेटिंग बरोबर, मग डब्याचा काय दोष? मी हेडर बघितले. हेडर म्हणजे सर्व्हर प्रत्येक पानासोबत पाठवतो त्या सूचना. तिथे स्पष्ट होतं: 'प्रायव्हेट, नो-स्टोअर'. खासगी आहे, साठवू नका. प्रॉक्सी बिचारा मुकाट ऐकत होता.

पण एक्सेलचा धडा खासगी कसला? एका बाईच्या लॉगिननं पान उघडलं आणि हसूच फुटलं. वर ठळक अक्षरात 'नमस्कार, लक्ष्मी अक्का'. पुढचीच्या पानावर तिचं नाव. पानात नाव आलं, म्हणून आमच्या डेव्हलपरनं नियमाप्रमाणे अख्खं पानच खासगी केलं होतं.

"सर, ये नमस्कार किसने डलवाया?" मी बॉसना विचारलं.

"मैंने! यहाँ सब अक्का-अण्णा बोलते हैं ना? वो नहीं हटेगा."

"हटाना नहीं है सर. अलग करना है."

धडा सगळ्यांसाठी एकच ठेवला, साठवायला मोकळा. नाव तेवढं खासगी, मागून वेगळं येईल असं केलं. डेव्हलपरनं जेवणाच्या सुट्टीआधीच काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी बॉसना घेऊन मी आनेकल गाठलं. पहिलीनं धडा उघडला: मिस. दुसरीनं उघडला: हिट. मग हिट, हिट, हिट! मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. बायका माझ्याकडे बघतच राहिल्या.

बॉसचा चेहरा मात्र पडला. "नमस्कार लेट आ रहा है."

अक्का माझ्याकडे वळल्या. "सांगा की ओ त्यांना. नमस्कार मागनं आला तरी आम्ही घेतोय. बस काय थांबत न्हाई."

मी शब्दन् शब्द हिंदीत करून सांगितला, आणि मोठ्या आनंदानं सांगितला. बॉस ओशाळून हसले. बॅच बंद करायचं पुन्हा कुणी बोललं नाही. त्या संध्याकाळी बायका धडा पुरा करून, गप्पा मारत बसस्टॉपवर गेल्या.

यंत्र ऐकत नाही असं वाटलं की मी आता डबा बदलायला धावत नाही. बहुतेक वेळा ते ऐकतच असतं. आपणच त्याला काय सांगून ठेवलंय, ते आधी वाचावं.